निजवलेली बाहुली

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. देवासमोर हात जोडतानाही कधी मनात आलं, तर घाईघाईने दुसरा विषय काढलाय — देवाशीसुद्धा. मग तुम्हालाच का? तुम्ही माझी पुस्तकं वाचली असतील म्हणून, कदाचित. किंवा तुमचा चेहरा मला दिसत नाही म्हणून. दुसरं कारण जास्त खरं असावं.

भयकथा लिहिणारी बाई म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर काय काय येतं कोण जाणे. घरी येणारे पाहुणे आधी कोपरे बघून घेतात. मग मी हातात कोथिंबिरीची जुडी घेऊन बाहेर येते आणि त्यांचा हिरमोड होतो. हैदराबादेत नल्लकुंट्यातलं आमचं घर अगदी साधं आहे, पुढे जाळीचा व्हरांडा, मागे धुणं वाळत घालायची जागा. जेवणाच्या टेबलावर एका बाजूला लोणच्याच्या बरण्या आणि दुसऱ्या बाजूला माझे कागद. एवढ्यावर मी इतकी वर्षं भुतं, गूढ मृत्यू, बंद खोल्या आणि परत आलेली माणसं लिहीत आले. सकाळी कुकर उतरवला की बसायचं, दुपारी पोस्टमनची बेल वाजली की उठायचं.

लोक दोनच प्रश्न विचारतात. लिहिताना तुम्हाला भीती नाही का वाटत? आणि — हे खरं घडलेलं असतं का?

पहिल्याचं उत्तर मी नेहमी प्रामाणिकपणे दिलंय. नाही वाटत. मला कशाचीच फारशी भीती वाटत नाही. मी काचीगुड्याच्या स्टेशनजवळ वाढले, आमच्या घरात भीती म्हणजे परीक्षेचा निकाल आणि नळाला पाणी न येणं. सगळा घोळ तिथूनच सुरू झाला, असं आता वाटतं.

सुरुवातीला माझ्या कथा दिवाळी अंकांतून यायच्या. बऱ्या चालायच्या. मग एका वर्षी पुण्याच्या एका संपादकांचा फोन आला. स्वभावाने तिखट माणूस. म्हणाले, बाई, तुमची भुतं उत्तम असतात, पण माणसं घाबरत नाहीत. तुमच्या प्रत्येक पात्राच्या अंगावर काटा येतो, प्रत्येकाच्या घशाला कोरड पडते. खरं घाबरलेलं माणूस तुम्ही कधी बघितलंय का? मी हसून विषय टाळला. फोन ठेवला आणि संध्याकाळपर्यंत भांडी आपटत राहिले. राग त्यांचा आला नव्हता — ते म्हणाले ते बरोबर होतं, त्याचा आला होता.

कारण मी खरंच बघितलं नव्हतं. रडणारी माणसं बघितली होती, चिडणारी बघितली होती. घाबरलेलं माणूस मात्र जवळून, चेहऱ्याजवळ चेहरा असा, नाही.

आता सत्यवतीअक्कांबद्दल सांगायला हवं. सांगायला नको वाटतंय, पण हवं.

अक्का आमच्या शेजारच्या. भिंतीला भिंत. माझ्याहून बऱ्याच मोठ्या, गोदावरीच्या खालच्या अंगाला, आंध्रात, त्यांचं माहेर. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा पहिल्या दिवशी गरम पुलिहोऱ्याचं — चिंचेच्या भाताचं — पातेलं घेऊन त्याच आल्या होत्या. माझं तेलुगू कामापुरतं, त्यांना मराठी मुळीच नाही, त्यामुळे आमचं सगळं बोलणं हैदराबादी हिंदीत. त्यात दोघी सारख्याच चुका करायचो, म्हणून जमलं असेल. माझी मुलगी लहान असताना माझ्यापेक्षा जास्त त्यांच्या कडेवर असायची. मला त्या ‘रायटरम्मा’ म्हणून चिडवायच्या आणि वर विचारायच्या, इतना लिखते, किसको पढने को टाइम है? मैत्रीण म्हणजे काय याचं दुसरं उदाहरण माझ्याकडे नाही.

दसऱ्याला अक्कांकडे बोम्मल कोलुवू असायचा. हैदराबादेत राहणाऱ्यांना सांगायला नको; बाकीच्यांसाठी सांगते — नवरात्रात दिवाणखान्यात पायऱ्या रचायच्या, वर पांढरं धोतर अंथरायचं, आणि त्यावर बाहुल्या मांडायच्या. देव, राजा-राणी, लग्नाची वरात, भाजीवाली, वाणी, सगळा संसार. संध्याकाळी आयाबायांना बोलवायचं, हळदीकुंकू, हातात भिजवलेले हरभरे आणि विडा. अक्कांचा कोलुवू आमच्या गल्लीची शान होता. बरकतपुऱ्याहूनसुद्धा बायका यायच्या. आम्ही चार मराठी घरं भोंडला आटोपून सरळ त्यांच्याच दारात जायचो.

सगळ्यांत वरच्या पायरीवर लाल लाकडाची एक जोडी असायची, बाहुला आणि बाहुली. रक्तचंदनाची. त्यांच्याकडे मुलगी सासरी निघाली की आई तिला ती जोडी देते. अक्कांची जोडी त्यांच्या आईच्या आईपासून आलेली. नाकडोळे झिजून गुळगुळीत झाले होते. आणि दसऱ्याच्या संध्याकाळी, शेवटची आरती झाली की, त्या जोडीतली बाहुली आडवी करायची. निजवायची. अक्का तेलुगूतलं अंगाईगीत म्हणायच्या, अगदी खऱ्या मुलीला म्हणावं तसं. बाहुली निजली की कोलुवू संपला. दुसऱ्या दिवशी सकाळी बाहुल्या जुन्या सुती कपड्यांत गुंडाळून ट्रंकेत जायच्या. हे गुंडाळायचं काम दर वर्षी आम्ही दोघी करायचो.

तुमच्या लक्षात आलंच असेल. किंवा नसेल आलं. मी अजून एक गोष्ट सांगायची टाळतेय.

त्या वर्षी उन्हाळ्यात अक्कांची आई गेली होती. अक्कांना पोचायला उशीर झाला. तार आली, पण घरात नातवाची मुंज होती, पाहुणे होते, कार्य सोडून कसं जायचं — आणि त्या कार्य उरकून निघाल्या. आई वाट बघत होती म्हणे. डोळे दाराकडे लावून. हे अक्कांनी मला सांगितलं होतं, व्हरांड्यात बसून, शेंगा सोलता सोलता. मी त्यांचा हात धरून बसले होते. मला हे सगळं माहीत होतं. त्या क्षणी विसरले होते, असं म्हणायची सोय मला नाही.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी आवराआवरीला गेले. दार उघडंच असायचं. अक्का मागे विहिरीपाशी फुलं काढत होत्या; पाण्याचा आवाज येत होता. बाकी घर अजून आपापल्या खोल्यांत. दिवाणखान्यात मी एकटी. वरच्या पायरीवर बाहुला उभा आणि बाहुली आडवी, छोट्याशा रेशमी तुकड्यावर.

मी तिला उभी केली.

झालं. एवढंच. सांगायला किती कमी शब्द लागले बघा, आणि किती वर्षं. हात पुढे केला, उचलली, बाहुल्याच्या शेजारी उभी केली, रेशमी तुकडा नीट पसरून ठेवला. मग बाहेर येऊन फाटकाशी चप्पल वाजवली आणि मोठ्याने हाक मारली — अक्का, आयी मैं!

गंमत होती, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. गंमत असती तर मी हसले असते. मी हसायला गेले नव्हते, मी बघायला गेले होते. अक्का परडी घेऊन आल्या, तेव्हा मी मुद्दाम अशा ठिकाणी उभी राहिले की त्यांचा चेहरा मला समोरून दिसावा.

त्या ओरडल्या नाहीत. तोंड उघडं पडलं नाही, हातातली परडी पडली नाही. काटाबिटा काही नाही. त्यांनी परडी हळूच खाली ठेवली, ओला हात लुगड्याला पुसला, सुटलेली बट कानामागे सारली आणि पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला — वडीलधारं माणूस अचानक दारात आल्यावर बाई घेते तसा. मग अगदी हळू आवाजात, तेलुगूत, बाहुलीला विचारलं: झोप नाही का लागली, अम्मा?

मी घाबरलेलं माणूस बघितलं. भीतीने माणूस असं अदबशीर होतं, हे मला कुठल्याच पुस्तकाने सांगितलं नव्हतं. माझ्या आत कुणीतरी चटकन टिपून घेतलं — बट, पदर, ओला हात. त्या पुढे मला म्हणाल्या, “शैला, तू देखी क्या? अम्मा नै सोयी. मेरे वास्ते बैठी है अब तक.”

बोलायची ती वेळ होती. अजून काहीच बिघडलं नव्हतं. त्यांनी मला दोन शिव्या दिल्या असत्या, आठवडाभर बोलल्या नसत्या, मग पुलिहोरा घेऊन आल्या असत्या. मी काय म्हणाले? मी म्हणाले, “हौ अक्का. मैं भी देखी.”

का म्हणाले? लाज वाटली म्हणून? की पुढे काय होतं ते बघायचं होतं? खरं सांगायचं तर दोन्ही. जास्त कुठलं, हे मी अनेकदा तपासलंय. उत्तर मला आवडत नाही.

पुढचे दिवस अक्का नीट जेवल्या नाहीत. घरच्यांनी समजावलं, गुरुजींना विचारलं. शेवटी त्यांनीच ठरवलं की जोडी गोदावरीत सोडायची. आईच्या गावापर्यंत जायचं बळ त्यांच्यात नव्हतं. मग सरस्वतीच्या देवळाचं, जवळचं बासर. नदी तीच, खाली तीच आईच्या गावाला जाते. आणि सोबत कोण? शैला. कारण शैलाने बघितलं होतं.

काचीगुड्याहून सकाळची गाडी. खिडकीपाशी अक्का, मांडीवर खणाच्या कापडात गुंडाळलेली जोडी. त्या वाटभर आईबद्दल बोलत होत्या. आई किती कडक होती, आईच्या हातची लोणची, आईने निघताना ही जोडी हातात देऊन काय सांगितलं होतं. निजामाबाद गेलं. मला प्रत्येक स्टेशनवर वाटत होतं, आता सांगावं. पुढच्या स्टेशनला सांगू. चहा घेतल्यावर सांगू. तुम्ही कधी असं टाळलंय का? टाळलं असेल तर तुम्हाला माहीत असेल — टाळायला काहीच करावं लागत नाही, फक्त खिडकीबाहेर बघत बसावं लागतं.

आणि हे त्याहून वाईट: मी नुसतं टाळत नव्हते. मी लिहीत होते. डोक्यात प्रकरणं पडत होती. अक्का बोलत होत्या ते सगळं मी जपून ठेवत होते, त्यांच्या दुःखासाठी नाही.

मला वाटलं होतं लाकूड आहे, तरंगत जाईल. रक्तचंदन जड असतं, ते तरंगत नाही. अक्का गुडघाभर पाण्यात उतरल्या, दोन्ही हातांनी जोडी पाण्याखाली धरली, आणि हात रिकामे वर आले. काठावर येऊन मला विचारलं, “अब सोएगी ना अम्मा?” मी म्हटलं, “हौ अक्का, सोएगी.” त्यांना माझ्या शब्दाने बरं वाटलं. येताना त्या गाडीत माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपल्या.

कादंबरी मी पुढच्या वर्षी लिहिली. फार भराभर झाली. तीच ती, जिला लोक नुसतं ‘बाहुलीची कादंबरी’ म्हणतात. बट मागे सारणारी, पदर सावरणारी बाई त्यात आहे, आणि समीक्षकांनी त्याच परिच्छेदाचं कौतुक केलं. त्या तिखट संपादकांनीही फोन केला. म्हणाले, आता तुमचं माणूस घाबरलं. त्यानंतर माझं प्रत्येक पुस्तक ‘बाहुलीच्या लेखिकेचं’ म्हणून खपलं. प्रकाशकाने मुखपृष्ठावर ‘सत्य घटनेवर आधारित’ छापायचं का म्हणून विचारलं, तेव्हा मी छापा म्हटलं.

सुलतान बाजारजवळच्या एका जुन्या मराठी वाचनालयात पुस्तकावर कार्यक्रम झाला. शेजारणींनी कौतुकाने अक्कांनाही आणलं होतं, पहिल्या रांगेत. कुणीतरी तो दुसरा प्रश्न विचारलाच — हे खरं घडलं का? मी नेहमीचं, धंद्याचं हसू हसले. काही गोष्टी सांगायच्या नसतात, असं काहीतरी म्हणणार होते. तोवर शेजारणीने अक्कांच्या कानात प्रश्न सांगितला होता, आणि अक्का उभ्या राहिल्या. भर सभेत, कधी न बोललेली बाई. म्हणाल्या, “मेरे घर में हुआ. मेरी अम्मा थी. शैला से पूछो, शैला झूठ नै बोलती.”

टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या. काय करणार होते?

काय करणार होते — हा प्रश्न मी लिहिला खरा, पण त्याचं उत्तर मला येतं. उभं राहून सांगता आलं असतं. मेज होतं, माईक होता, ऐकणारी माणसं होती.

अक्कांनी पुन्हा कोलुवू मांडला नाही. मातीच्या बाहुल्या माळ्यावर ट्रंकेत गेल्या, पायऱ्यांच्या फळ्या एका सुताराला दिल्या. दसऱ्यात त्या संध्याकाळी पुढचं दार लावून घेतात, म्हणजे चुकून कुणी यायला नको. सुरुवातीला बायका विचारायच्या, मग विचारेनाशा झाल्या. दुसरीकडे जायला लागल्या. गल्लीत हळूहळू जुनी घरं पडली, उंच इमारती आल्या, आणि नव्या लोकांना त्या घरात कधी कोलुवू होता हेच ठाऊक नाही. मी मात्र रोज त्यांच्याकडे जाते. त्यांची औषधं मी आणते, डोळ्यांच्या डॉक्टरकडे मी नेते. हे भरपाई म्हणून सांगत नाही. भरपाई म्हणून केलंही नाही. मला त्यांच्यावाचून करमत नाही, एवढंच.

यंदाचं सांगते आणि थांबते.

अक्कांची नात साहिती नोकरीसाठी आता त्यांच्याकडे राहते. हायटेक सिटीत जाते, कानात सतत ते पांढरं काहीतरी खोचलेलं. मुलगी गुणी आहे. तिला माळ्यावर ट्रंक सापडली. सगळ्या बाहुल्या काढून पुसल्या, जिथे रंग उडालाय तिथे ब्रश घेऊन बसली. आजीच्या, तिच्या नानम्माच्या, मागे लागली, यंदा कोलुवू मांडू या. अक्का आधी नाही म्हणाल्या. मग म्हणाल्या, शैलाला विचार. शैला हो म्हणाली तर मांडू.

साहिती परवा माझ्याकडे आली. माझ्या टेबलापाशी, बरण्यांच्या बाजूला बसली. म्हणाली, “आंटी, तुम हौ बोले तो रखते बोलरी नानम्मा. उनका बहुत मन है, मेरेकु मालूम. रात को गुडियों के नाम लेते बैठी थी.” आणि मग डोळ्यांत बघून विचारलं, “आंटी, सच्ची में देखे थे ना तुम?”

त्या मुलीला उत्तर माहीत होतं, असं मला वाटतं. तिला फक्त माझ्या तोंडून ऐकायचं होतं. एक शब्द. तिने तो आजीला जाऊन सांगितला असता, किंवा सांगितलाही नसता — नुसतं ‘हौ बोले’ एवढंच सांगून बाहुल्या मांडल्या असत्या. मला खरं बोलायचीसुद्धा गरज नव्हती. खोटं तसंच ठेवून, ‘मांड गं, आता अम्मा निजली आहे’ एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. म्हातारीला शेवटची काही वर्षं तिच्या बाहुल्या मिळाल्या असत्या.

पण मला भीती वाटली. बघा, मला. कोलुवू मांडला गेला तर शेवटच्या दिवशी, ती जोडी नसली तरी, कुणीतरी ट्रंकेतली एखादी बाहुली निजवणार, आणि सकाळी ती निजलेलीच असणार. पुढच्या वर्षीही. त्याच्या पुढच्या वर्षीही. आणि मग कधीतरी अक्का त्या जुन्या सकाळी घरात आणखी कोण आलं होतं, याचा विचार करणार.

मी पदर सावरला. मी म्हटलं, “नक्को बेटा. रहने दो.”

साहितीने बाहुल्या परत ट्रंकेत ठेवल्या. अक्कांनी मला काही विचारलं नाही. काल गेले तेव्हा माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, बरं झालं तुला विचारलं.

हे मी मराठीत लिहिलं आहे. घरात, टेबलावर, उघडं ठेवलं आहे. अक्का रोज संध्याकाळी इथेच येऊन बसतात, आणि आजही बसल्या होत्या — याच कागदांवर हात ठेवून.